थू बोन नदीच्या काठाने : होई आन आणि मी सन

हनोईपासून सायगावपर्यंत, पाठीवर मावेल तेवढेच सामान घेऊन, शक्य तिथे रेल्वेने दक्षिणेकडे उतरत जायचे असे मंदारने आणि मी ठरवले, तेव्हा होई आनसाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवायचा हे आमचे आधीच पक्के झाले होते. बहुतेक प्रवासी इथे कंदील, शिंपी आणि समुद्रकिनारा पाहतात, चाळीस किलोमीटरवरचे मी सन अर्ध्या दिवसाच्या सहलीत उरकतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र ही दोन्ही ठिकाणे एकत्र पाहायची होती, कारण ती एकाच नदीवर आहेत. थू बोन नदी डोंगरातून उतरते तिथल्या कोंदणात चंपा या मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या राज्याच्या राजांचे शिवस्थान मी सन, मधल्या सपाटीवर त्यांची राजधानी सिंहपूर, म्हणजे आजचे त्रा किएउ, आणि नदी समुद्राला मिळते तिथे त्यांचे बंदर, म्हणजे आजचे होई आन. देवस्थान, राजधानी आणि बंदर अशी ही मांडणी डोक्यात ठेवून फिरले, तर या प्रदेशातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

सोमवार, १० मार्च २०२५

हुएहून दा नांगला येणारी गाडी हाय वान घाटात समुद्राला खेटून चालते आणि लांग को इथले खाजण मागे टाकल्यावर काही वेळ एका बाजूला दाट झाडी नि दुसऱ्या बाजूला थेट खाली लाटा असे दृश्य राहते. होई आनला रेल्वे नाही. दा नांगला उतरून पुढचे तीस किलोमीटर रस्त्याने जावे लागते. हा रस्ता आता हॉटेलांच्या रांगांनी भरलेला आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

आम्ही जुन्या गावात न राहता पूर्वेकडे, भातशेतीच्या कडेला एका कुटुंबाच्या घरी खोली घेतली होती. घरमालकीणबाईंनी हिरव्या चहाचे दोन पेले पुढे केले, सायकली दाखवल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एका तारखेवर बोट ठेवले. त्या कॅलेंडरवर प्रत्येक इंग्रजी तारखेखाली चांद्र तिथी छापलेली होती, आपल्याकडच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असते तशीच. त्यांचे बोट गुरुवारवर होते. त्या दिवशी तिथल्या दुसऱ्या चांद्र महिन्याची चतुर्दशी होती, आणि चतुर्दशीच्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. मी फोनमध्ये पाहिले तर आपल्याकडे त्याच संध्याकाळी होळी पेटणार होती. हा योग आम्ही ठरवून साधलेला नव्हता, त्यामुळे त्याचा आनंद अधिक झाला.

संध्याकाळी नदीकाठी गेलो. आन होई पुलाजवळ बाई चोईचा खेळ चालू होता. खेळणाऱ्यांच्या हातात चित्रांच्या पट्ट्या असतात, सूत्रधार एकेक पत्ता काढतो आणि त्याचे नाव थेट न सांगता त्यावर पद गातो. ज्याच्या पट्टीवर ते चित्र असेल तो आरोळी देतो. आपल्या सोसायटीतल्या हौजीत आकड्यांऐवजी कोणी ओव्या गाऊ लागले तर कसे होईल, तसा हा प्रकार आहे. मध्य व्हिएतनामच्या या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. गाणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. शब्द कळत नव्हते, पण पदाच्या शेवटच्या ओळीवर त्या नेमक्या किती थांबतात आणि तेवढ्यात गर्दी कशी श्वास रोखून धरते हे कळत होते, आणि आम्ही जेवायचे विसरून बराच वेळ तिथेच उभे राहिलो.

मंगळवार, ११ मार्च

जुन्या गावासाठी १ लाख २० हजार डोंगांचे तिकीट आहे, म्हणजे आपले साधारण चारशे रुपये. त्यात कुपने असतात आणि जुनी घरे, व्यापारी समाजांची सभागृहे, संग्रहालये यांतून आपण निवडायचे असते. हे पैसे वास्तूंच्या देखभालीसाठी जातात. जुना भाग ३० हेक्टरांचा आहे आणि त्यात लाकडी सांगाड्याची अकराशेहून अधिक बांधकामे आहेत. त्यातल्या पुष्कळ घरांत आजही माणसे राहतात, स्वयंपाक करतात, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावतात. तिकिटाचे पैसे जास्त आहेत अशी कुरकुर कानावर आली, परंतु ही घरे आतून पाहिल्यावर ती मला अगदीच अस्थानी वाटली.

तान की हे घर आम्ही सकाळी सर्वांत आधी पाहिले, आणि गर्दी होण्यापूर्वी पाहिले हे बरे झाले. घर अरुंद आणि खूप लांब आहे. पुढचे दार बाजाराच्या रस्त्यावर उघडते आणि मागचे नदीकाठच्या रस्त्यावर. मागून होड्यांतून माल आत घ्यायचा आणि पुढे दुकानात विकायचा, अशी सोय. मधोमध उघडा चौक आहे, त्यातून उजेड आणि पाऊस आत येतो. आमच्या वाईच्या आजोळच्या वाड्याचा चौक इतका अरुंद नव्हता, पण उन्हाचा तिरपा पट्टा दुपारपर्यंत भिंतीवरून कसा सरकत जातो हे मला तिथे वेगळे पाहावे लागले नाही. खांबांवर मोत्याच्या शिंपल्याचे जडावकाम केलेली चिनी वाक्ये आहेत आणि जवळ जाऊन पाहिले तर त्या अक्षरांची प्रत्येक रेघ उडत्या पक्ष्याच्या आकाराची आहे.

मागच्या बाजूच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा केलेल्या आहेत. एकेका वर्षापुढे आडवी रेघ आणि शेजारी साल. १९६४ ची रेघ मंदारच्या डोक्याच्याही वर होती. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोनचे पाणी या रस्त्यांवर चढते, आणि ही घरे बांधणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच बांधली आहेत. फुंग हुंग या दुसऱ्या घरात खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, आणि वरच्या मजल्याच्या जमिनीत एक चौकोनी झडप आहे. पाणी वाढू लागले की ती उघडायची, खालचा माल आणि सामान दोराने वर ओढून घ्यायचे आणि झडप लावून टाकायची. तिथल्या मुलीने ती आम्हाला उघडून दाखवली. झापांच्या कडा वापराने गुळगुळीत झालेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात दोर घासून लाकडात खाच पडली होती. पुराशी या गावाचे नाते काय आहे हे त्या खाचेवर बोट फिरवताना जसे समजले, तसे ते कोणत्याही फलकावरून समजले नसते.

जपानी पुलावर मात्र दिवसभर गर्दी असते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी व्यापाऱ्यांनी हा छत असलेला पूल बांधला असे मानले जाते आणि १५९३ हे साल सर्वत्र सांगतात. एका टोकाला माकडांच्या मूर्ती आहेत, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या. पुलाच्या पोटातच एक छोटे मंदिर आहे. त्याची दंतकथा भारतीय माणसाने आवर्जून ऐकावी अशी आहे : पृथ्वीच्या पोटात एक अजस्र प्राणी असून त्याचे डोके भारतात, धड व्हिएतनाममध्ये आणि शेपूट जपानमध्ये आहे, तो हलला की भूकंप आणि पूर येतात, म्हणून त्याच्या पाठीत खुपसलेल्या तलवारीसारखा हा पूल इथे उभारला. सतराव्या शतकात इथे येणाऱ्या नाविकांच्या जगाचा नकाशा या कथेत जसाच्या तसा उतरला आहे. पुलाची मोठी दुरुस्ती होऊन तो ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला, तेव्हा तो फार नवा दिसतो अशी टीका झाली होती. रंग अजून थोडे ताजे वाटतात हे खरे आहे. पण दर पावसाळ्यात ज्याच्या पायाशी पुराचे पाणी येते तो लाकडी पूल चारशे वर्षे टिकतो तो वेळोवेळी सुटा करून, किडलेले लाकूड बदलून पुन्हा जोडल्यामुळेच, आणि मला या दुरुस्तीत उणे असे काही दिसले नाही.

चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतानुसार बांधलेली सभागृहे त्राँ फू रस्त्यावर एकापाठोपाठ आहेत. त्यातले फुजियानवाल्यांचे फुक किएन सर्वांत देखणे. तिथे थिएन हाऊ या समुद्रदेवतेची मूर्ती आहे, जी वादळात सापडलेल्या जहाजांना वाचवते, आणि छताला टांगलेल्या मोठ्या सर्पिल उदबत्त्या कित्येक दिवस जळत राहतात. प्रत्येक उदबत्तीला लावणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी अडकवलेली असते. जपानने सतराव्या शतकात आपल्या लोकांना परदेशी जायला बंदी केली आणि इथली जपानी वस्ती आटत गेली. चिनी मात्र राहिले, इथल्याच मुलींशी लग्ने करून इथलेच झाले.

मग एवढे मोठे बंदर ओस का पडले? याचे उत्तर पुन्हा नदीतच आहे. थू बोनने आणलेल्या गाळाने मुख उथळ होत गेले, दा नांगकडे जाणारा को को नदीचा मार्ग बुजला, आणि जहाजे मात्र मोठी होत गेली. एकोणिसाव्या शतकात व्यापार दा नांगच्या खोल पाण्याकडे वळला, आणि १८८८ साली फ्रेंचांनी दा नांग थेट आपल्या ताब्यात घेतल्यावर होई आनला कोणी विचारेनासे झाले. ज्या गावात पैसा येत नाही तिथे जुनी घरे पाडून नवी बांधायला कोणी येत नाही. युद्धातही हे गाव मोठ्या विध्वंसातून वाचले. त्यानंतर १९८० च्या दशकात काझिमिएश क्विआत्कोव्स्की नावाच्या पोलिश वास्तुविशारदाने या जुन्या घरांचे मोल ओळखले आणि ती राखण्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांचे मन वळवले. त्याला सगळे काझिक म्हणत. जुन्या गावात एका छोट्या बागेत त्याचा पुतळा आहे आणि पुतळ्यापुढे कोणीतरी ताजी फुले ठेवली होती. १९९७ मध्ये हुए इथे काम करत असतानाच तो वारला; त्याच्यानंतर दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, होई आन आणि मी सन या दोन्ही ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

दुपारी काओ लाऊ खाल्ले. जाड, किंचित पिवळसर शेवया, वर डुकराच्या मांसाच्या चकत्या, पालेभाज्या आणि कुरकुरीत तळलेले तुकडे, आणि रस्सा अगदी थोडा. शेवयांचे तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवतात, आणि ते पाणी बा ले या विहिरीचेच हवे असा आग्रह असतो. विहीर एका बोळात आहे, चौकोनी, विटांनी बांधलेली, आणि ती चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या लोकांच्या काळातली मानतात. मी शाकाहारी असल्यामुळे माझ्या वाडग्यात मांसाऐवजी टोफू होता, पण शेवयांचा तो दाताला लागणारा चिवटपणा तोच.

बुधवार, १२ मार्च

मी सनला जाण्यासाठी आम्ही चालकासह गाडी ठरवली आणि पहाट फटफटायच्या आत निघालो, कारण सहलीच्या बस येण्यापूर्वी तिथे पोचायचे होते.

वाटेत नदीकाठी थान चिएम लागते. आज तिथे पाहण्यासारखे थोडेच आहे, पण सतराव्या शतकात या प्रांताचा कारभार इथून चाले आणि फ्रान्सिश्कु द पिना हा जेझुइट संघाचा पोर्तुगीज धर्मप्रसारक इथे राहून व्हिएतनामी बोली रोमन लिपीत लिहू लागला. त्याच्याकडे ही भाषा शिकलेल्या अलेक्सांद्र द ऱ्होदने पुढे १६५१ मध्ये रोमला व्हिएतनामी शब्दकोश छापला, आणि आज सारा देश त्याच लिपीत लिहितो. हा ऱ्होद पूर्वेकडे येताना आधी गोव्यात राहिला होता. तिथे त्याच्याच संघाच्या फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली, म्हणजे त्याच्या आगमनाच्या थोडे आधी, रोमन लिपीत छापून झालेले होते. आपल्याकडे तो प्रयोग गोव्याबाहेर फारसा गेला नाही. इथे त्याने देशाचे लिहिणे-वाचणेच बदलले. दुकानांच्या पाट्या वाचताना आम्ही दिवसभर हेच बोलत होतो.

त्रा किएउला चालकाने गाडी थांबवली. सिंहपुराच्या जागी आता गाव आहे, शेते आहेत, आणि मधल्या टेकडीवर मेरीमातेचे चर्च आहे. जुन्या तटाची खूण म्हणून शेतातून जाणारा एक लांबट उंचवटा दाखवतात. आम्ही चर्चच्या पायऱ्या चढून वर गेलो, तिथून पश्चिमेकडचे डोंगर दिसले आणि त्यातले एक टोकदार शिखर सगळ्यांहून वेगळे उठून दिसले. मी सनचा पवित्र महापर्वत तो हाच. राजधानीतून देवाचा डोंगर सतत नजरेसमोर राहील अशी ही जागा निवडलेली आहे, हे नकाशावर कळत नाही. तिथे उभे राहूनच कळते.

मी सनच्या तिकीटघरापासून विजेवर चालणाऱ्या गाड्या जंगलातून आत सोडतात. पुढे थोडे चालले की झाडी विरळ होते आणि लाल विटांची शिखरे दिसू लागतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने इथे भद्रेश्वराचे लाकडी मंदिर बांधले. ते जळाल्यावर सातव्या शतकात शंभुवर्म्याने विटांचे बांधले आणि देवाला शंभुभद्रेश्वर म्हटले. राजाचे नाव देवाच्या नावाला जोडायचे ही रीत पुढे कित्येक शतके चालली. तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकामे होत राहिली. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत. एका लेखावर आम्ही दोघे वाकून उभे राहिलो, पण लिपी दक्षिणेकडच्या वळणाची असल्याने वाचता काही आले नाही. गाइडने ‘श्री’ कुठे आहे ते दाखवले, तेव्हा मंदारने ते अक्षर वहीत उतरवून घेतले.

फ्रेंचांनी १८९८ नंतर ही जागा पुन्हा उजेडात आणली. आंरी पार्मांतिए याने १९०३-०४ मध्ये खोदकाम करून मंदिरांच्या गटांना ए, बी, सी अशी अक्षरे दिली आणि सत्तरच्या वर वास्तू नोंदल्या. तीच अक्षरे आजही फलकांवर आहेत. बी, सी आणि डी हे गट त्यातल्या त्यात शाबूत आहेत. बी-पाच ही वास्तू देवाचे दागिने आणि पूजेची भांडी ठेवण्याचे कोशगृह होती. तिचे छप्पर होडीसारखे वाकलेले आहे आणि भिंतीवर झाडाखाली सोंडा गुंफून उभे असलेले दोन हत्ती कोरलेले आहेत. बी-एक या मुख्य मंदिराचा आता फक्त दगडी चौथरा उरला असून त्यावर शाळुंकेसह लिंग आहे. कोणी पूजा करत नाही, तरी शाळुंकेत दोन-तीन रानफुले वाहिलेली होती. मी चपला काढल्या. सांगितले कोणीच नव्हते, पण पिंडीसमोर चपला घालून उभे राहणे मला जमणार नव्हते.

मंदारचे सगळे लक्ष विटांवर होते. दोन विटांमध्ये चुना किंवा माती दिसत नाही आणि सांध्यात नखही शिरत नाही. झाडाचा डिंक किंवा राळ वापरून विटा चिकटवल्या असाव्यात असे एक मत आहे. आधी भिंत उभी केली आणि मग तिच्यावर कोरीवकाम केले हे मात्र स्पष्ट दिसते, कारण एकाच अप्सरेचा चेहरा तीन-चार विटांवर अखंड पसरलेला असतो. हेमाडपंती देवळांत दगड चुन्याशिवाय बसवलेले आपण पाहतो. विटेत हे साधणे कितीतरी अवघड आहे. हजार वर्षांची वीट हाताला कोरडी आणि तांबूस लागते, तर दुरुस्तीत घातलेल्या काही नव्या विटांवर शेवाळ आणि पांढरे क्षार चढलेले होते. दोन्हींवर एकेक तळवा ठेवून तो कितीतरी वेळ उभा होता. स्थापत्य अभियंता म्हणून आयुष्यभर काँक्रीटशी व्यवहार केलेल्या माणसाला त्या भिंतीसमोर गप्प झालेले पाहणे माझ्यासाठी त्या दिवसाचा मोठा ठेवा आहे.

बी गटाजवळच एक गोल, गवताने भरलेला खड्डा आहे. तो बॉम्बचा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी विमानांनी या दरीवर बॉम्बफेक केली, कारण इथे शत्रूचा तळ असल्याचा त्यांचा समज होता, आणि चाम स्थापत्याचा उत्तम नमुना मानला जाणारा ए-एक हा उंच मनोरा त्यात कोसळला. आज त्या जागी पाया आणि विटांचे ढीग आहेत. पार्मांतिएची रेखाचित्रे आहेत म्हणून तो कसा दिसत होता एवढे तरी आपल्याला माहीत आहे. काझिक १९८० च्या सुमारास इथे आला, तेव्हा या जंगलात न फुटलेले सुरुंग होते. ते काढत, वेली तोडत, पडलेले भाग सावरत त्याने आणि त्याच्या व्हिएतनामी सहकाऱ्यांनी काम केले. त्यानंतर इटालियन पथकाने जी गट सावरला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून ए, एच आणि के हे गट हाती घेतले, आणि मे २०२० मध्ये ए-दहा या मंदिरात त्यांना एकसंध वालुकाश्माचे नवव्या शतकातले शिवलिंग सापडले. ते आता तिथेच, आपल्या चौथऱ्यावर उभे आहे.

त्या लिंगापाशी आम्हाला मी सनच्या भेटीतला सर्वांत शांत वेळ मिळाला, कारण सहलीचे गट ए गटापर्यंत क्वचितच येतात. आपल्या देशाची माणसे परदेशातल्या एका दरीत, उन्हापावसात, वीट वीट तपासत पाच-सहा हंगाम बसली आणि त्यांनी हे हाताने उकरून काढले, याचा अभिमान मला तिथे फार वाटला. आपल्याकडच्या कितीतरी लेण्यांना आणि किल्ल्यांना असे हात लाभावेत अशी इच्छाही तितकीच तीव्रतेने झाली.

परतताना चाम लोकांविषयी बोलणे निघाले. १४७१ मध्ये त्यांची विजया ही राजधानी पडली आणि राज्य दक्षिणेकडे आकसत गेले, पण ते लोक संपले नाहीत. दक्षिणेकडच्या निन्ह थुआन भागात त्यांची गावे आहेत, त्यातले काही आजही शिवाचीच उपासना करतात आणि त्यांच्या जुन्या मंदिरांत वार्षिक उत्सव भरतात. मी सनच्या बाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या छापील माहितीत त्यांना भूतकाळात टाकलेले दिसते, ते योग्य नाही.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी सायकलींवरून त्रा क्वेला गेलो. इथल्या वाफ्यांमध्ये पुदिना, तुळशीचे प्रकार, कोथिंबीर अशा सुवासिक पाल्याची शेती होते आणि खत म्हणून शेजारच्या खाजणातले पाणशेवाळ जमिनीत मिसळतात. दोन मोठ्या झाऱ्या कावडीला लावून एक आजोबा दोन वाफ्यांमधून एकसारख्या चालीने जात होते, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी पाणी पडत होते. शेजारी प्रवाशांसाठी तशाच कावडीची हौस पुरवण्याची सोय होती. आम्ही आजोबांचेच काम पाहत बसलो.

पुढे भाताच्या हिरव्यागार शेतांत, बांधावरून चालत, तानी याजिरोबेई या जपानी व्यापाऱ्याची कबर पाहिली. १६४७ साल तिच्यावर कोरलेले आहे. मायदेशाच्या हुकमानुसार तो परत निघाला होता, पण होई आनमधल्या प्रिय स्त्रीसाठी मागे फिरला आणि इथेच वारला, अशी कथा आहे. कबरीचे तोंड ईशान्येला, जपानकडे आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्याभोवतीची जागा नांगराबाहेर ठेवली, आणि भोवती भात डुलतो आहे.

दुपारी समुद्रावर. आन बांगचा किनारा छान आहे, पण कुआ दाईला, म्हणजे नेमक्या नदीच्या मुखाशी, वाळू मोठ्या प्रमाणात वाहून गेली आहे आणि किनाऱ्यावर वाळूच्या पोत्यांचे बांध घातलेले दिसतात. वरच्या खोऱ्यातली जलविद्युत धरणे आणि नदीतला वाळूउपसा ही त्यामागची कारणे सांगितली जातात. ज्या नदीने गाळ आणून बंदर बुजवले तिच्या मुखाशी आता किनारा राखण्यापुरतीही वाळू पोचत नाही, हे पाहून मन खरोखर अस्वस्थ झाले.

जुन्या गावात परतलो तेव्हा अंधार पडत होता. चतुर्दशी आणि पौर्णिमेला इथले बरेच लोक मांसाहार टाळतात, त्यामुळे त्या संध्याकाळी शाकाहारी जेवणाच्या पाट्या जागोजागी होत्या आणि मला प्रथमच पदार्थ निवडण्याचे सुख मिळाले. घरांपुढे छोटी टेबले मांडून त्यावर फळे, फुले, भात आणि उदबत्त्या ठेवल्या होत्या. पूजा झाली की कागदी नोटा आणि कागदी वस्त्रे पत्र्याच्या डब्यात जाळून पूर्वजांना पोचवतात. एका दारात आजी डब्यात एकेक कागद टाकत होत्या आणि नातवंडे ज्वाळेकडे टक लावून पाहत होती. मी सासूबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे पुरणपोळीचा नैवेद्य तयार होत होता, पुरण शिजले होते, आणि होळी पेटायला अजून वेळ होता. मी फोन त्या डब्याकडे वळवला. आजींनी मान वर करून हात हलवला, आणि सासूबाईंनी पलीकडून नमस्कार केला.

विजेचे दिवे मालवल्यावर रस्ते कंदिलांच्या उजेडात राहिले. नदीवर गर्दी फार होती. कागदी दिवे विकणाऱ्या होड्यांची आणि फोटो काढणाऱ्यांची रेटारेटी इतकी की काठावर थांबवले नाही. त्यापेक्षा आतल्या बोळातले एक कंदिलाचे दुकान आम्हाला अधिक आवडले. बांबूच्या कामट्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवतात म्हणजे कीड लागत नाही, मग त्या दोन लाकडी चकत्यांत बसवून सांगाडा करतात आणि त्यावर रेशमी कापड ताणून चिकटवतात. कारागिराचे दोन्ही अंगठे कापडाच्या कडेवरून इतक्या हळुवार फिरत होते की कुठे सुरकुती राहत नव्हती. हे कंदील छत्रीसारखे मिटतात, म्हणून पाठीवरच्या पिशवीतही मावतात. दिवाळीसाठी आम्ही केशरी रंगाचा एक घेतला.

शुक्रवार, १४ मार्च

दा नांगला परत येऊन चाम शिल्पांच्या संग्रहालयात गेलो. फ्रेंचांनी उभारलेली ही वास्तू १९१९ साली खुली झाली आणि जगातला चाम शिल्पांचा सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. दालने सापडलेल्या जागांनुसार लावलेली असल्याने बुधवारचा सगळा रस्ता पुन्हा समोर आला. मी सनच्या ई-एक मंदिरातला सातव्या शतकातला चौथरा इथे आहे, ज्यावर डोंगरातल्या तपस्व्यांचे रोजचे जीवन कोरले आहे : कोणी बासरी वाजवतो आहे, कोणी गुरूसमोर बसला आहे. त्याच परिसरातला उभा गणपती आहे. हात तुटले असले तरी चर्या प्रसन्न, आणि पोट असूनही बांधा दणकट. त्रा किएउच्या नर्तकींसमोर तर शाळेची एक अख्खी सहल जमिनीवर बसून चित्रे काढत होती. होई आनला येण्यापूर्वी हे संग्रहालय पाहावे की नंतर, असे कोणी विचारले तर मी नंतर असेच सांगेन, कारण रिकामे चौथरे आधी पाहिलेले असले तरच इथल्या मूर्ती कुठून आल्या आहेत हे मनात नीट बसते.

शेवटचे दालन थाप माम इथल्या शिल्पांचे आहे. ती विजयाच्या काळातली आहेत : मोठे, वळणदार, जबडा उघडलेले मकर आणि गजसिंह. आमचा मूळ बेत इथून थेट दक्षिणेकडच्या न्या चांग या शहरी जायचा होता. थाप माम कुठे आहे हे मंदारने नकाशावर पाहिले तर ते वाटेतच, क्वी न्योनच्या जवळ निघाले, आणि त्या भागात चाम मनोरे अजून उभे आहेत. आम्ही स्टेशनवर जाऊन क्वी न्योनजवळच्या दिएउ त्री या स्टेशनाची दोन तिकिटे काढली.